आधी फडकं, मग मग!

भिवंडीत खिडकीपाशी काहीही ठेवा, दोन दिवसांत त्यावर राखाडी थर बसतो. पॉवरलूमचे कापसाचे तंतू, गोडाऊनकडे धावणाऱ्या ट्रकची धूळ, सगळं फुकट होम डिलिव्हरी! माझ्या अँथुरियमवरही तो थर होता. मला मात्र एवढंच दिसलं, की वर्षभर फूल नाही. मग काय, पाणी वाढवलं. ऑफिसला निघताना रोज एक मग. पानं पिवळी पडली, तसा आणखी एक मग!

पावसाळ्यात झाड उपसलं, तर मुळं काळी, गिळगिळीत. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हे झाड मूळचं कोलंबिया-इक्वेडोरच्या ओल्या जंगलातलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. मुळांना ओल हवी, तशी हवाही हवी.

सडकी मुळं कापली. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं कुजलेलं शेणखत घालून नवी कुंडी भरली. आता बोट खुपसून बघायचं, वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच पाणी. जागा पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड. दर रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसायची. धुळीने झाकलेल्या पानाला उजेड मिळत नाही, आणि उजेड नाही तर फूल नाही.

चार महिन्यांनी लाल टोक डोकावलं! गंमत म्हणजे ते लाल 'फूल' खरं तर पानच. खरी फुलं मधल्या दांड्यावर, टाचणीच्या टोकाएवढी.

तेव्हा दोस्तांनो, कुंडी गिफ्ट मिळाली, तर आधी फडकं घ्या, मग मग!