रांग एका ओळीने सरकली तेव्हा

काचेच्या छोट्या पट्टीवर हजारो जनुकांच्या डीएनएचे ठिपके बसवले, की पेशीत कोणती जनुके कामाला लागली आहेत ते एकाच प्रयोगात कळते. या तंत्राचे नाव डीएनए मायक्रोअरे. अमेरिकेत स्टॅनफर्डला पॅट्रिक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 45 जनुकांपासून सुरुवात केली. दोनच वर्षांत यीस्टची जवळपास सगळी, म्हणजे 6 हजारांहून अधिक जनुके पट्टीवर आली.

साखर संपली की यीस्ट स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलवर जगू लागते. हा बदल टिपण्यासाठी दर 2 तासांनी नमुने घेतले. नव्या नमुन्यातील आरएनएच्या प्रती लाल रंगाच्या, सुरुवातीच्या नमुन्याच्या हिरव्या. दोन्ही एकाच पट्टीवर सोडल्या. ठिपका लाल दिसला तर जनुकाचे काम वाढलेले, हिरवा दिसला तर घटलेले. सुमारे 710 जनुकांचे काम किमान दुप्पट झाले, 1,030 जनुकांचे निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. त्यांतल्या जवळपास निम्म्या जनुकांचे कार्य तोवर कुणालाच ठाऊक नव्हते.

ब्राउन यांच्या गटाने पट्टीवर ठिपके बसवणारे यंत्र कसे बांधायचे याची कृतीही सर्वांना खुली केली. या मोकळेपणाची किंमत पुढे एका प्रकरणात कळली.

कर्करोगाच्या कोणत्या गाठीवर कोणते औषध चालेल हे मायक्रोअरेवरून सांगता येते, असा दावा ड्यूक विद्यापीठातील गटाने 2006 मध्ये केला. त्यावर विसंबून रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना मात्र ते निकाल जुळेनात. पूर्ण तपशील हाती नसल्याने उपलब्ध आकड्यांवरून त्यांना उलटा माग काढावा लागला. जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे नमुने आणि न देणारे नमुने यांची अदलाबदल झाली होती. चाचण्या 2010 मध्ये बंद झाल्या, 2011 मध्ये त्या दाव्याचा शोधनिबंध मागे घेतला गेला.

हजारो जनुकांच्या तक्त्यात सरकलेली ओळ नजरेला दिसत नाही. ती सापडते ती दुसऱ्या कुणी तेच गणित पुन्हा केल्यावर. म्हणून संशोधकाच्या प्रामाणिकपणावर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. रुग्णाची ओळख झाकून आणि जबाबदार अभ्यासकांनाच प्रवेश देऊन आकडे खुले ठेवता येतात, त्यामुळे गोपनीयतेची सबब टिकत नाही.

आपल्याकडे 2022 मध्ये फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले. आकडे ठेवायला जागा झाली, आता नियम हवा. ज्या निष्कर्षावर रुग्णाचे औषध ठरणार, त्याचे मूळ आकडे, नमुन्यांच्या खुणा आणि गणिताचा कोड त्रयस्थ संख्याशास्त्रज्ञाने तपासल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाच्या नैतिकता समितीने चाचणीला परवानगी देऊ नये.