सिंगापूरचा बेसबॉल, इस्राएलचा बेसबॉल आणि आजीचं नाव

आपली पिढी क्रिकेटवर वाढली, बेसबॉल आपल्याला अमेरिकन सिनेमापुरता ठाऊक. पण नातवंडं विचारतात, "इस्राएलची टीम जगभर खेळते, मग सिंगापूरची का दिसत नाही?" प्रश्न बिनतोड आहे. दोन्ही देश लहान, दोन्हीकडे हा खेळ फारसा रुजलेला नाही, आणि दोन्हीकडे मुलगा अठराचा झाला की लष्करी सेवेत जातो. सिंगापूरने १९६५ साली स्वतंत्र झाल्यावर सैन्य उभारायला इस्राएली अधिकारीच गुपचूप आणले होते. त्यांना 'मेक्सिकन' म्हणत, म्हणजे शेजाऱ्यांना कळायला नको!

आधी सिंगापूरची कामगिरी. २००६ साली सुरू झालेल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये हा देश कधीच उतरलेला नाही. आग्नेय आशियाई खेळांत बेसबॉल २००५ साली आला. तिथे दबदबा फिलिपिन्स आणि थायलंडचा. २०१९ साली सुवर्ण फिलिपिन्सला, रौप्य थायलंडला, कांस्य इंडोनेशियाला. सिंगापूर रिकाम्या हाताने परत.

इस्राएलचं पाहा. २०१७ साली जागतिक क्रमवारीत ४१वा नंबर, आणि सेऊलमध्ये यजमान दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. मग तैवान, नेदरलँड्स, पुढे टोकियोत क्यूबासुद्धा. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोला १२-५ हरवून पाचवा नंबर. २०२१च्या युरोपियन स्पर्धेत रौप्य. २०२३ साली मायामीत मात्र निकाराग्वाला हरवल्यावर पुढचे तिन्ही सामने गेले.

हे घडलं कसं? इस्राएलात बेसबॉलची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी. खेळाडू बहुतेक अमेरिकन ज्यू. क्लासिकचा नियम असा की ज्याला एखाद्या देशाचं नागरिकत्व मिळू शकतं, तो त्या देशाकडून खेळू शकतो. इस्राएलच्या परतीच्या कायद्याप्रमाणे आजी-आजोबांपैकी एक ज्यू असला तरी पुरे. ऑलिंपिकला पासपोर्ट लागतो, म्हणून कित्येकांनी तो रीतसर काढला.

सिंगापूरकडे अशी आजी नाही. तिथे दुहेरी नागरिकत्व चालत नाही; नवा नागरिक व्हायचं तर जुना पासपोर्ट सोडायचा. टेबल टेनिसमध्ये त्यांनी हे केलंही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या तिन्ही मुली चीनमध्ये जन्मलेल्या. पदक आलं, पण लोक कुरकुरले. २०१६ साली तिथेच जन्मलेल्या जोसेफ स्कूलिंगने पोहण्यात सुवर्ण मिळवलं तेव्हा सगळं शहर रस्त्यावर. त्याची लष्करी सेवा सरकारने पुढे ढकलली होती. बेसबॉलच्या पोराला ही सवलत कोण देणार?

म्हणून कोणी म्हणतं, इस्राएलची टीम उसनी आहे. मला ते पटत नाही, पण एक सल आहे. १९६२ साली रबिनेटने फर्मान काढलं, की बेने इस्राएलीने लग्न करायचं तर त्याच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करा. कोकणातून तेल गाळत, शब्बाथ पाळत आलेली आपली माणसं, आणि पुरावा मागितला! जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. रबिनेटचा नियम वेगळा, परतीचा कायदा वेगळा, हे मला कळतं. तरी चेंडू फेकणाऱ्याला एक आजी पुरते आणि आपल्या मुलीला पणजीपर्यंत जावं लागलं, हे विसरता येत नाही.

सिंगापूरचं एक सांगायचं राहिलं. त्याच २०१९ साली, त्याच फिलिपिन्समध्ये, त्यांच्या पुरुष सॉफ्टबॉल संघाने यजमानांना अंतिम सामन्यात हरवून सुवर्ण आणलं. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही तिथे एकच संघटना चालवते. तेव्हा नातवंडांना सांगा, सिंगापूरची टीम दिसते, फक्त चेंडू जरा मोठा असतो.