मेरिट किती रुपये टन?

मी मॅट्रिक. 2014 साली, 51 टक्के. पुढं शिकलो नाही, कारण बाप गेला आणि त्याचा हूक माझ्या खांद्यावर आला. आता इंदिरा डॉकमध्ये कंत्राटी टोळीत आहे, आणि रात्री कविता लिहितो. पोलादाची कॉइल किती टनाची ते तिच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. डाळीच्या गोणीवर 50 किलो छापलेलं असतं. छापलेलं खोटं असलं तर पाठीला लगेच कळतं. म्हणून मी हमालाच्या अक्कलहुशारीनं विचारतो : हे मेरिट मेरिट म्हणतात, त्याचं वजन कोण करतो? काटा कुणाच्या बापाचा?

जूनमध्ये धाकट्या बहिणीला घेऊन एका क्लासमध्ये गेलो. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून दहावीला 86 टक्के आणलेत पोरीनं. वर पत्रा, खाली गटार, शेजारी दारूडा, आणि मधे 86 टक्के. तिला डॉक्टर व्हायचंय. क्लासात काचेचं दार, एसी, भिंतीवर हसणाऱ्या पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. टायवाल्यानं फी सांगितली. दोन वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार. वर 18 टक्के जीएसटी. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, क्लासच्या फीवर आहे. म्हणजे सरकारनं शाळा मरू दिली आणि मयताच्या दारात वाटा मागायला उभं राहिलं!

मी म्हटलं, एवढे नाहीत. तो म्हणाला, मग पर्सनल कोचिंग घ्या, एकच विषय, सर घरी येतील. घर कुठं?

शिवडी. झोपडपट्टी.

त्यानं पेन खाली ठेवलं. "तिकडं आमचे सर येत नाहीत." मग फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि दात काढून म्हणाला, "तुम्हाला कशाला एवढं टेन्शन? तुमचं तर कॅटेगरीत होऊन जाईल."

बहीण म्हणाली, "दादा, चल ना."

दोस्तहो, त्या टायवाल्यानं दोन वाक्यांत सगळी व्यवस्था सांगून टाकली. पहिलं : तुझ्या वस्तीत आमची विद्या पाय ठेवणार नाही. दुसरं : तरी तू आत शिरलास तर ती तुझी लायकी नव्हे, तुझी सवलत. पूर्वी विहिरीवर उभं राहून वरून पाणी ओतायचे. आता विहिरीला काउंटर बसवलाय एवढंच.

आणि हा धंदा चालतो कसा ते तरी बघा. अकरावीचं कॉलेज नावापुरतं. पोरगं कॉलेजच्या रजिस्टरात आणि बूड क्लासच्या बाकावर. ह्याला इंटिग्रेटेड म्हणतात. साला, नाव तरी काय! 2018 साली ह्याला आळा घालायला महाराष्ट्र सरकारनं ज्युनियर कॉलेजात बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढला. जानेवारी 2024 मध्ये दिल्लीनं मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालची पोरं क्लासनं घ्यायची नाहीत. घ्यायची नाहीत म्हणे! आमच्या स्टेशनबाहेर आठवीच्या पोरांसाठी फाउंडेशन कोर्सचे बोर्ड आजही लटकताहेत.

2024 साली 23 लाखांवर पोरं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे बाकीच्यांनी हरायचं हे आधीच ठरलेलं. ह्या हरण्यावरच क्लासचे मजले चढतात. धक्क्यावर एका कामाला शंभर हात उभे राहिले की मुकादम भाव पाडतो. इथं एका जागेला वीस पोरं उभी राहिली की मुकादम भाव चढवतो. मुकादम दोन्हीकडं जगतो.

अनिता आठवते? तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातली दलित पोर. बाप हमाल, माझ्यासारखाच पाठीवर ओझं वाहणारा. बारावीला 1200 पैकी 1176. त्या मार्कांवर जुन्या पद्धतीनं ती डॉक्टर झालीच असती. पण 2017 साली नीट आडवी आली. क्लासला पैसे कुठले? नीटला 720 पैकी 86. पोर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. तिथंही हरली आणि 1 सप्टेंबर 2017 ला तिनं जीव दिला. आता सांगा, 1176 वाली अनिता ढ होती की 86 वाली? पोरगी एकच. काटा बदलला.

ज्यांच्याकडं पैसे आहेत तीही पोरं सुखात नाहीत, हे मला दिसतं. कोट्यात 2023 साली वीसहून जास्त पोरांनी आत्महत्या केल्या. त्यावर प्रशासनानं काय केलं, तर खोल्यांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा हुकूम काढला. पोरगं का मरतं ते विचारायचं नाही, पंखा दुरुस्त करायचा. भाड्याची अक्कल!

आणि एवढं सगळं पार करून आपलं पोरगं आत गेलं, तरी त्याला पहिला प्रश्न काय? रँक किती? रँकवरनं जात ओळखतात. पवईच्या आयआयटीला 2023 साली लेखी सांगावं लागलं की कुणाची जेईई रँक विचारू नका. जी रँक बापानं लाखो रुपये मोजून आणली ती मेरिट, आणि जी हमालाच्या घरात चिमणीखाली आली ती खिरापत!

पर्सनल कोचिंगला माझा विरोध नाही. उलट मी म्हणतो, आपली सगळी चळवळच पर्सनल कोचिंगमधून उभी राहिलीय. 1855 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. परळच्या एका खोलीत सुभेदार रामजी पहाटे दोनला पोराला उठवायचे, अभ्यासाला. शाळेनं त्या पोराला संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यायला लावली. चर्नी रोडच्या बागेत तो एकटा वाचत बसायचा. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं, पुस्तकं दिली. 1907 साली पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र हातात ठेवलं, पुढं त्याला घेऊन सयाजीरावांकडं गेले आणि महिना 25 रुपयांची स्कॉलरशिप मिळवून दिली. गुरुजींनी बागेत पावतीपुस्तक काढलं होतं का?

आता आपल्याच घरात बघू. राग आला तर येऊ द्या. ह्या 14 एप्रिलला आमच्या नाक्यावर बॅनर लागला. वर बाबासाहेब, खाली आपले स्थानिक नेते हात जोडून, आणि कोपऱ्यात क्लासच्या मालकाचं थोबाड. प्रायोजक! शिका संघटित व्हा म्हणणाऱ्याच्या फोटोखाली ॲडमिशन चालूचा फोन नंबर. मी नेत्याला विचारलं, साहेब, त्यानं वस्तीतली किती पोरं फुकट घेतली? साहेब म्हणाले, मंडपाचा खर्च त्यांनी दिला ना रे. मंडप चार दिवसांत उतरला.

आणि तुम्ही, बीएस्सी, एमएस्सी झालेले माझे दोस्त! विद्रोहाच्या गप्पा माझ्यापेक्षा जोरात मारता. दिवसा त्याच क्लासात तासावर शिकवता. पोट आहे, मला कळतं, मीही कुणाच्या तरी मालाखाली वाकतोच. पण संध्याकाळी वस्तीकडं वळायला तुमचे पाय का जड होतात? तिकडं आमचे सर येत नाहीत, असं तो टायवाला म्हणाला तेव्हा मला त्याचा राग आला. घरी येताना तुमचा आला.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. लिहूनच टाकतो. त्या क्लासची सगळी फी नाही भरली, पण दुसऱ्या एका स्वस्त क्लासचा पहिला हप्ता भरला. मुकादमाकडून उचल घेतली, दिवाळीपर्यंत फिटेल. ज्या धंद्याला इथं शिव्या घालतोय त्याच्या गल्ल्यात माझ्या घामाचे बावीस हजार आहेत. बहिणीच्या आयुष्यावर मला तत्त्वाचा प्रयोग करायचा नव्हता. कुणाला हसायचं तर हसा.

पण तिच्या वर्गातल्या दुसऱ्या अकरा पोरी आहेत. त्यांच्या घरी उचल द्यायला मुकादमही नाही. त्या आता रात्री साडेआठला आमच्या विहारात जमतात. बहीण क्लासात शिकून येते ते त्यांना सांगते, नोट्सची झेरॉक्स आम्ही टोळीतले चौघं वर्गणी काढून करतो. बायोलॉजी कसंबसं ओढतेय ती. फिजिक्सला गाडी अडते. मी त्रिकोणमितीपाशीच मॅट्रिकला गळपटलो होतो, माझा काही उपयोग नाही, मी फक्त दारात बसून दारूड्यांना हाकलतो.

गुरुवार आणि रविवार. फिजिक्स येणारा एक माणूस पाहिजे, गणिताचा एक. शिवडी स्टेशनला उतरून विहार कुठं म्हणून कुणालाही विचारा. खडू आहेत, फळा परवाच काळा केलाय. येण्याजाण्याचं भाडं आम्ही देऊ.