विश्लेषण : जुन्या पोर्शेच्या चाकांना आरशाची चकाकी कशाला?

पोर्शे ९११ एस १९६६ मध्ये आली, ती जर्मनीच्या ओटो फुक्स कंपनीची घडीव ॲल्युमिनियमची पाच पाकळ्यांची चाके घेऊन. त्यांची मंद, रेशमी चमक ॲनोडायझिंगची. हा ऑक्साइडचा थर रंगासारखा वरून बसवलेला नसतो. विजेच्या साह्याने धातूतूनच वाढवलेला असतो. तोच घासून काढून चाक चकचकीत करण्याची हौस अनेकांना असते. दिसते छान, पण उघडे ॲल्युमिनियम लवकर मंदावते, रस्त्यावरच्या मिठाने डागाळते आणि पॉलिशचा फडका हातातून सुटत नाही. पाकळ्यांमधला काळा रंग उडाला असेल तर जरूर पुन्हा द्यावा. ॲनोडायझिंग शाबूत असेल, तर सौम्य साबण पुरे. तीव्र ॲसिडचे क्लीनर नकोच. गेलेला थर हवा असेल, तर चाक पुन्हा ॲनोडायझिंगच्या टाकीतच बुडवावे लागते.