डिग्री कशाला, उडायचंय ना!

"ताई, पायलटला डिग्री लागतच नाही!" रविवारी पोह्यांच्या प्लेटवर मावसभावाने बॉम्ब टाकला. मावशीने चमचा खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास कॉम केलेली मी म्हणजे घरातली करिअर काउन्सेलर!

पठ्ठ्या खोटं बोलत नव्हता. कमर्शियल लायसन्ससाठी फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, क्लास वन मेडिकल, डीजीसीएचे पेपर्स आणि 200 तासांचं फ्लाइंग. पदवीचं नावही नाही. बारामतीला ट्रेनिंग सुरू झालंय, काकांनी राहता फ्लॅट तारण ठेवलाय. त्यात कॉलेजची फी कशाला?

मी म्हटलं, "अरे, मेडिकल दर वर्षी द्यावी लागते. एखाद्या वर्षी डॉक्टर नाही म्हणाले तर? आणि एप्रिल 2019मध्ये जेट बंद पडली तेव्हा मुरलेले पायलटही घरी बसले होते."

"मग बी.एस्सी. एव्हिएशन करतो."

"म्हणजे विमान थांबलं की डिग्रीही जमिनीवरच!"

तो हसला, पण विचारात पडला. शेवटी ठरलं, घरबसल्या बी.कॉम. पावसाळ्यात ढग उतरले की फ्लाइंग रद्द होतंच, तेव्हा अकाउंट्स उघडायचं. तुमच्या घरात असा कुणी असेल तर एकच सांगेन. डिग्री अशी निवडा, जिला आकाशाची गरज नाही.

फॉर्म भरून झाल्यावर मावशीने हळूच विचारलं, "वर एकटा असताना भीती नाही ना वाटत रे?"

डिग्रीचा विषय तिचा नव्हताच मुळी.