आजाराआधीचे आरोग्य

प्रकृती ठणठणीत असते तेव्हा तिची आठवणही कोणाला होत नाही. दाढ ठणकू लागली म्हणजे दाढेची आणि गुडघा धरला म्हणजे गुडघ्याची किंमत कळते. हजरत महंमद पैगंबरांनी माणसाच्या या स्वभावावर नेमके बोट ठेवले आहे. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक फसतात, अशा आशयाची त्यांची हदीस इमाम बुखारी यांच्या संग्रहात आहे. येथे योजलेला मूळ अरबी शब्द बाजारातला आहे. सौद्यात ज्याची फसगत झाली, चांगला माल ज्याने मातीमोल भावाने घालवला, त्याला तो शब्द लावतात. पैगंबर स्वतः व्यापार केलेले होते. आरोग्य हे भांडवल आहे आणि भांडवल नुसते पेटीत ठेवून वाढत नाही, हे त्यांना सांगायचे होते.

दुसऱ्या एका हदीसमध्ये ही शिकवण अधिक विस्ताराने येते. पाच गोष्टी येण्यापूर्वी पाच गोष्टींचा लाभ करून घ्यावा, असे ते सांगतात. म्हातारपणाआधी तारुण्याचा, आजाराआधी आरोग्याचा, गरिबीआधी संपन्नतेचा, कामाच्या व्यापाआधी फुरसतीचा आणि मृत्यूआधी जीवनाचा.

हजयात्रेचेच उदाहरण घ्या. ज्याच्याजवळ पैसा आहे आणि अंगात ताकद आहे, त्याच्यावर हज फर्ज आहे. पण मुलींची लग्ने होऊ देत, घर बांधून होऊ दे, नोकरीतून मोकळे होऊ दे, असे म्हणता म्हणता पुष्कळांची साठी उलटते. मग काबागृहाच्या सात प्रदक्षिणा आणि सफा-मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून पुऱ्या कराव्या लागतात. हज होते, यात शंका नाही. परंतु पायांत बळ होते ती वर्षे भलत्याच कामी गेलेली असतात. हे केवळ यात्रेपुरते नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणे, आईचे पाय चेपणे, भावाशी धरलेला अबोला सोडणे, ही सारी कामे धडधाकट माणूसच उद्यावर टाकत असतो.

मग आजार आला तर तो ईश्वराचा कोप समजावा काय? इस्लामची शिकवण तशी नाही. हजरत अयूब हे तर प्रेषित होते. त्यांनी संतती, संपत्ती आणि आरोग्य सर्व गमावले. त्यांच्या सबराचा, म्हणजे धीराचा, कुराणात गौरव आहे. श्रद्धावानाला दुखणे आले असता झाडाची पाने गळावीत तशी त्याची पापे गळून पडतात, असे हदीस सांगते. तापाने फणफणलेली एक स्त्री तापाला शिव्याशाप देऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी तिला तसे न बोलण्यास सांगितले. मात्र सबर म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे. हजरत अयूब यांनीही आपले दुःख परमेश्वरापाशी बोलून दाखवलेच होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी याहून मोठा दिलासा आणखी एका हदीसमध्ये आहे. निरोगी असताना जी सत्कर्मे माणूस नेमाने करीत होता, ती आजारपणात त्याच्या हातून होईनाशी झाली, तरी त्यांचे पुण्य त्याच्या खात्यावर पूर्वीप्रमाणेच जमा होत राहते. म्हणजे आरोग्यात लावून घेतलेली चांगली सवय आजारात उपयोगी पडते.

धीर धरायचा म्हणजे उपचार करायचे नाहीत, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. आम्ही औषध घ्यावे काय, असे काही अरबांनी पैगंबरांना विचारले होते. जरूर घ्या, वार्धक्य सोडून प्रत्येक रोगावर परमेश्वराने उपाय ठेवला आहे, असा त्यांचा अभिप्राय होता.

नशिबावर हवाला ठेवणाऱ्यांसाठी खलिफा हजरत उमर यांची हकीकत बोलकी आहे. इसवी सन ६३९ च्या सुमारास ते सीरियाकडे निघाले असता तिकडे प्लेगची साथ पसरल्याची बातमी आली. त्यांनी परत फिरण्याचे ठरवले. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, हे अल्लाहने ठरवलेल्या नियतीपासून पळणे नव्हे काय? उमर यांनी उत्तर दिले की आपण एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते ईश्वरी इच्छेनेच होते. पण शहाणा माणूस ते हिरवळीवर नेतो. इतक्यात अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांची आज्ञा सांगितली. जेथे साथ आहे तेथे जाऊ नये, आणि आपण असू तेथेच साथ आली तर तेथून पळून जाऊ नये. उमर मदिनेला परतले. अबू उबैदा आपल्या सैन्याबरोबर राहिले आणि त्याच साथीत वारले. २०२० साली करोनामुळे मशिदी बंद ठेवून घरोघरी नमाज पढली गेली, तेव्हा अनेक उलेमांनी याच आज्ञेचा आधार दिला.

धर्माने आजाऱ्याला सवलतीही दिल्या आहेत. उभे राहवत नसेल त्याने बसून नमाज पढावी, बसवत नसेल त्याने कुशीवर पडून पढावी. पाणी बाधत असेल तर वजूऐवजी स्वच्छ मातीचा तयम्मुम चालतो. आजाऱ्याने रोजे सोडावेत व बरे झाल्यावर भरून काढावेत. आजार बरा होणारा नसेल तर दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. या सवलती नाकारण्यात पुण्य नाही. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला सोबत्यांनी स्नान केलेच पाहिजे म्हणून भरीस घातले आणि तो त्यातच दगावला. हे कळल्यावर पैगंबर अतिशय संतापले. ठाऊक नसेल तर विचारावे, असे त्यांनी बजावले.

ही गोष्ट रमजानमध्ये घरोघरी आठवायला हवी. मधुमेहाचे इन्शुलिन घेणारे आजोबा रोजासाठी हट्ट धरतात आणि घरातल्यांना त्यांना अडवण्याचा संकोच वाटतो. रक्तातली साखर एकाएकी उतरली तर जिवावर बेतू शकते. रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे; त्यांनी मना केले तर रोजा न ठेवणे हेही आज्ञापालनच आहे.

आजाऱ्याच्या समाचाराला जाणे, ज्याला अयादत म्हणतात, हे मुसलमानावर दुसऱ्याचे ऋण मानले आहे. पैगंबरांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या उशाशी जाऊन बसले होते. समाचाराला जाताना धर्म विचारायचा नसतो, हा त्याचा अर्थ.

याच भावनेतून पुढे मोठमोठे दवाखाने उभे राहिले. कैरो येथे सुलतान कलाऊन याने १२८४ च्या सुमारास बांधलेल्या रुग्णालयात गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांवर उपचार होत आणि त्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. आपल्या देशात हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही वैद्यकांचे एकच महाविद्यालय उभारले. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन केले. आणि २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने सुमारे ३६ लाख रुपये जमवून तेथील सरकारी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग करून दिला. त्या खाटांवर कोणत्याही धर्माचा रुग्ण येणार, हे देणाऱ्यांना ठाऊक होते.

सकाळी उठल्यावर हातपाय विनातक्रार चालत असतील, तर त्या दिवसाचे भांडवल हाती आले असे समजावे. शुक्र, म्हणजे कृतज्ञता, केवळ जिभेने व्यक्त होत नाही. ज्याचे पाय चालतात त्याने न चालणाऱ्यासाठी चार पावले टाकावीत.