खाटेखालची शेगडी

शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहायला येणाऱ्या मुलांना एक अट बहुतेक ठिकाणी ऐकवली जाते : खोलीत स्वयंपाक चालणार नाही. अट ऐकली जाते, पाळली जात नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, परीक्षेच्या दिवसांत रात्री बाराला चहा लागतो आणि घरून आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवायचे असतात. मग एक छोटी टाकी येते, तिच्या डोक्यावर बर्नर बसतो आणि मालकांची चाहूल लागली की सगळे खाटेखाली सरकते. मालकांची भीती रास्त आहे. पण या बंदीने शेगडी थांबलेली नाही, ती फक्त सर्वांत धोक्याच्या जागी जाऊन बसली आहे.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. हे वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतात. गळती झाली तर ते वर निघून जात नाहीत, जमिनीलगत साचतात. खाटेखाली ठेवलेल्या टाकीचा वास नाकापर्यंत पोचायला उशीर होतो, ठिणगीला मात्र तेवढा वेळ लागत नाही. वाड्यातल्या जुन्या लाकडी जिन्याचा आणि अरुंद बोळाचा विचार केला, तर पळायला वाटही एकच असते.

दुसरा धोका टाकीचा. घरगुती सिलिंडरमधून चोरून भरलेल्या, शिक्का नसलेल्या टाक्या स्वस्त पडतात. भरताना त्यात किती गॅस गेला, हे कोणी मोजत नाही. द्रवरूप गॅस तापला की फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये मोकळी जागा राखावी लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीत ती उरत नाही. याला कायदेशीर पर्याय आहे. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये त्याला ‘छोटू’ असे नावही दिले. तो घेताना कड्याखालच्या पट्टीवरचे अक्षर वाचावे. ‘सी-२७’ याचा अर्थ त्याची पुढची चाचणी सप्टेंबर २०२७पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटली असेल तर परत करावा. बर्नर थेट टाकीवर बसवण्यापेक्षा रेग्युलेटर, सुरक्षा नळी आणि वेगळी शेगडी घ्यावी. उंच टाकीवरचे आधणाचे पातेले कलंडायला एक धक्का पुरतो.

हीच मुले शनिवारी रात्री पाठीला सॅक लावून गडावर जातात. त्यांच्या कॅनिस्टरच्या शेगडीबद्दलही दोन शब्द. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वायुरूप होणे थांबवते, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत साथ देते. सह्याद्रीत साधा ब्युटेनचा डबा चालतो, हिमालयात प्रोपेनमिश्रित लागतो. पण ब्युटेनच्या पातळ पत्र्याच्या डब्यात घरचा गॅस कधीही भरू नये. प्रोपेनमुळे त्याचा दाब जास्त असतो आणि डबा तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. डबा शेजारी बसणाऱ्या शेगडीवर मोठा तवा ठेवू नये, त्याची धग डब्यावर येते. वारा अडवायला चहूबाजूंनी आडोसा केला तरी तेच होते.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत भीती वाटते ती न दिसणाऱ्या वायूची. बंद तंबूत किंवा खिडक्या लावलेल्या खोलीत ज्योतीला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला मुद्दाम वास दिलेला असतो, याला मात्र वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. चढाईचा थकवा किंवा पित्त समजून माणूस आडवा होतो आणि उठत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवे ठरते, कारण ते हा फरक ओळखत नाही, आकडा ९८ दाखवू शकते. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमधील दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत चार मुले होती. म्हणून तंबूत शेगडी नकोच. एकाच खोलीतील दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी शेगडी बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ला फोन करावा.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून नव्हे. भाजलेच तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी घ्यावे. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

आता मालकांना विनंती. बंदीची अट काढा आणि तिच्या जागी दुसरी घाला : शेगडी ओट्यावर, उघड्या खिडकीजवळ आणि सिलिंडर पावतीचाच. खोल्यांत जमत नसेल तर मजल्यावर एक सामाईक ओटा द्या. जे उजेडात आहे ते तपासता येते, खाटेखालचे तपासता येत नाही. पोरे चहा करणारच आहेत, तो कुठे करायचा एवढेच आपल्या हातात आहे.